दुसरी हजेरी

ठाण्याच्या आमच्या कॉलेजात हजेरी दोनदा व्हायची. पहिला तास सात दहाचा. सर आले की मस्टर उघडायचं, रोल नंबर पुकारायचे, जो हजर त्याच्यापुढे पेनाने पी, आणि जो नाही त्याची चौकट रिकामी न ठेवता तिथे पेन्सिलीने एक बारीक टिंब. मग तास संपायला पाच मिनिटं उरली की मस्टर परत उघडायचं आणि फक्त टिंबवाले नंबर पुन्हा पुकारायचे, तोवर ज्यांची गाडी आलेली असायची ते मागच्या बाकांवरनं "यस सर" म्हणायचे आणि त्या टिंबावर पेन फिरायचं. ह्याला सगळे दुसरी हजेरी म्हणायचे. मला कितीतरी दिवस वाटायचं की सगळ्याच कॉलेजांत असं असतं.

आता ही टिंबवाली मंडळी कोण ते सांगते. कल्याणला लाइन फुटते, एक फाटा कर्जतला आणि एक कसाऱ्याला. डोंबिवलीचे, कल्याणचेही गाडीनेच यायचे पण आमच्या भाषेत ते 'गाडीवाले' नव्हेत, कारण त्यांची एक लोकल गेली तर मागनं दुसरी असतेच. गाडीवाले म्हणजे वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी, नाहीतर तिकडचे खडवली, वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी. कसारा सीएसटीपासून १२१ किलोमीटर आणि ठाणं ३४, म्हणजे तिकडच्या टोकाच्या पोराला सत्त्याऐंशी किलोमीटर कापून सात दहाला बाकावर बसायचं, आणि मधे एखादी मेल पुढे काढायची असली की लोकल टिटवाळ्याच्या आसपास उभी, सिग्नल मिळेपर्यंत उभीच. तेव्हा पालघर वेगळं झालं नव्हतं (ते २०१४ ला झालं), डहाणू-मोखाड्यापासून मुरबाड-शहापूरपर्यंत एकच ठाणे जिल्हा, आणि जिल्ह्याच्या गावी शिकायला जायचं म्हणजे ठाण्याला जायचं, हे तिकडच्या घरांमधे साधं ठरलेलं होतं.

आणि ठाण्यात राहणारे आम्ही सगळे 'गावातले'. मी नौपाड्यातली. सहा पन्नासला घरातून निघाले तरी पहिल्या बाकावर जागा मिळायची.

कॉलेज अगदी लहान होतं. स्टेशन आणि तलावपाळीच्या मधल्या जुन्या वस्तीत दोन मजली इमारत, पुढे लांब व्हरांडा, व्हरांड्याला लाकडी कठडा, मागे कौलारू शेड आणि तिथे सायकली. ओहोटी असली आणि वारा तिकडून असला की खाडीचा वास थेट वर्गात यायचा. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही पण नवीन आलेली मुलं पहिला आठवडा नाकाला रुमाल लावून बसायची. एका वर्गात साठ-सत्तर मुलं, सगळ्यांना सगळे ओळखणार, शिपाईकाकांना कुणाच्या घरी कोण आजारी आहे ते माहीत असणार, असं ते कॉलेज. मी एफवायला गेले १९९६ साली.

अर्थशास्त्राचे सर तेव्हा रिटायरमेंटला आलेले. ते वर्गात आले की आधी टेबलाकडे जायचेच नाहीत. सरळ मागे जायचे, मागच्या दारापाशी, तिथे कोपऱ्यात एक अर्धी वीट पडलेली असायची ती बुटाने सरकवून दाराखाली लावायचे, दार नीट उघडं राहिलंय ना ते एकदा हाताने ढकलून बघायचे, आणि मग पुढे येऊन मस्टर. रोज. पावसात त्या दारातून झड आत यायची, शेवटचा बाक ओला व्हायचा, तरी वीट जागची हलायची नाही. मला वाटायचं हवा यायला लावत असतील.

त्या दारातून गाडीवाले आत यायचे. "मे आय कम इन" विचारायचं नाही असा अलिखित नियम, कारण विचारलं की शिकवणं थांबतं. चपलांचा आवाज न करता यायचं आणि शेवटच्या दोन बाकांवर बसायचं. ते दोन बाक गावातल्यांनी धरायचे नाहीत, वर्ग कितीही भरला तरी. दुसऱ्या कॉलेजातल्या मैत्रिणी शेवटच्या बाकावरच्या गमती सांगायच्या तेव्हा मला ते कळायचंच नाही, कारण आमच्याकडे शेवटच्या बाकावर बसलेली मुलं घामाने भिजलेली, दमलेली, आणि धडाधड लिहीत असायची.

आणि कार्बन. हे मी बाहेर कुणाला सांगितलं की लोकांना खरं वाटत नाही. एफवायला पहिल्याच आठवड्यात एसवायची एक मुलगी वर्गात आली आणि गावातल्या प्रत्येकाला तिने एक-एक कार्बन पेपर दिला, जुना, वापरलेला, निळ्याची जांभळी झाक आलेला. म्हणाली, पहिली वीस मिनिटं वहीत कार्बन घालून लिहायचं, खालचं पान ज्याचं त्याला. 'ज्याचं त्याला' म्हणजे प्रत्येक गावातल्याला एक गाडीवाला ठरवून दिलेला असायचा, तोही तिनेच ठरवला, रोल नंबरप्रमाणे. मला आटगावची एक मुलगी आली. तीन वर्षं माझ्या उजव्या हाताची करंगळी आणि तळव्याची कड निळी होती, आई म्हणायची अगं भांडी घासताना तरी जाते का बघ. कार्बन संपला की स्टेशनजवळच्या स्टेशनरीच्या दुकानातून नवीन घ्यायचा, दुकानदाराला पाठ झालं होतं, नुसतं कॉलेजचं नाव सांगितलं की तो कार्बनच काढायचा. झेरॉक्स नव्हतं का? होतं ना. पण झेरॉक्सला पैसे पडतात आणि कुणीतरी कुणाकडे मागायला जावं लागतं. कार्बनमधे मागायचंच नव्हतं. तास सुरू व्हायच्या आधीच दुसरं पान कुणाचं ते ठरलेलं.

कुणाला विचारलं की हे कधीपासून, तर उत्तर एकच, पूर्वीपासून आहे.

मी स्वतःशी त्याचं एक कारण लावून टाकलं होतं, ठाण्यालाच गाडीचं दुःख माहीत आहे म्हणून. हिंदुस्थानातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघाली ती इथेच आली, ३४ किलोमीटर, सव्वा तास लागला असं सांगतात, आणि दुसऱ्या वर्षी ती कल्याणपर्यंत गेली. मराठी ग्रंथसंग्रहालय इथे १८९३ पासून, म्हणजे वाचणाऱ्यांचं गाव, पण कॉलेजची शिक्षणं बहुतेकांनी गाडीला लटकून केली. १९६९ साली चेंदणी बंदर रोडला खाडीकाठी कॉलेजं निघाली, त्याआधीचे लोक विल्सनला, एल्फिन्स्टनला जायचे, १९३७ नंतर माटुंग्याच्या रुईयाला. माझे बाबा रुईयाचे. माटुंग्याला फास्ट थांबत नाही त्यामुळे स्लोच पकडावी लागायची, आणि उशीर झाला की सर दारातूनच परत पाठवायचे, हे ते अजूनही सांगतात, साठ वर्षांनंतरही तोच चेहरा करून. तर अशा बाबांची मुलं जिथे शिकतात तिथे उशिरा येणाऱ्याला दार उघडं असणारच, असं मला वाटायचं. ते किती अर्धवट होतं ते कळायला मला जवळपास तीस वर्षं लागली.

बाकीच्या परंपरा सगळीकडे असतात तशाच. रोझ डे, साडी डे, ट्रॅडिशनल डे, गॅदरिंग, एकांकिकेच्या तालमी. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान करून नवे कपडे घालून राम मारुती रोडला आणि तलावपाळीला जायचं, तिथे सगळं ठाणं लोटलेलं असायचं, अजूनही असतं. पण आमच्या ग्रुपची दिवाळी गाडीवाल्यांच्या पहिल्या लोकलची वाट बघत स्टेशनच्या बाहेर सुरू व्हायची, ती आल्याशिवाय कुणी डबा उघडायचा नाही.

एसवायला एनएसएसचा (राष्ट्रीय सेवा योजनेचा) कॅम्प शहापूर तालुक्यात होता, सात दिवसांचा, डिसेंबरात. खरं सांगायचं तर एनएसएस घेतलं ते दहा मार्कांसाठी, सगळेच घ्यायचे, वर्षाला १२० तास भरायचे आणि छातीवर कोणार्कच्या चाकाचा बिल्ला. सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री सांस्कृतिक. ओढ्यावर वनराई बंधारा घातला आम्ही. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांमधे वाळू-माती भरायची, दाभणाने सुतळी ओवून तोंडं शिवायची आणि पाण्यात आडव्या एकावर एक रचायच्या, पाचव्या दिवशी मागे पाणी साठलं तेव्हा गावातल्या बायका काठावर येऊन नुसत्या बघत उभ्या राहिल्या. त्या तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे, मुंबईचं पाणी तिथून जातं, तानशाचं तर १८९२ पासून जातंय, आणि त्याच तालुक्यात उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर. माझी आटगावची मैत्रीण गोणी शिवता शिवता म्हणाली, "आमच्याकडचं पाणी आमच्या आधी तुमच्याकडं पोचतं." रागाने नव्हे, सहज. मला दाभण तसंच हातात धरून बसावंसं वाटलं.

कॅम्प संपला रविवारी. बाकीचे टेम्पोने परतले आणि मी तिच्या घरी राहिले, म्हटलं सोमवारी तुझ्याबरोबरच कॉलेजला येते. तिच्या आईने उठवलं तेव्हा घड्याळात पावणेचार. चूल पेटलेली, कोरा चहा, तांदळाच्या भाकऱ्या फडक्यात बांधलेल्या. पाड्यावरनं स्टेशन चार किलोमीटर तरी असेल, शेतांच्या बांधावरनं, दव इतकं की सलवार गुडघ्यापर्यंत ओली झाली. माझ्या हातात बॅटरी होती आणि मीच ठेचकाळत होते, तिला बॅटरी लागतच नव्हती, ती पुढे चालत होती आणि "हितं दगड हाय", "हितं उतार हाय" असं न वळता सांगत होती. स्टेशनवर भाजीवाल्या आलेल्या, वालाच्या शेंगा, मुळ्याच्या जुड्या, टोपल्यांवर ओलं फडकं. गाडीत पलीकडच्या डब्यातनं भजनाचे टाळ ऐकू येत होते.

टिटवाळ्याच्या अलीकडे गाडी थांबली. कुणी काही बोललं नाही, एक भाजीवाली म्हणाली "मेल हाय" आणि पुन्हा मिटून बसली. मी सारखी घड्याळाकडे बघत होते. माझ्या मैत्रिणीने बॅगेतनं फणी काढली, केस सोडले आणि शांतपणे वेणी घालायला लागली, तीनपेडी, खालपर्यंत, शेवटी रिबीन.

आणि मला एकदम उमगलं. वर्गात मी दीड वर्षं बघत होते, काही दिवस ती नुसते केस रबराने बांधून यायची आणि काही दिवस सुंदर घट्ट वेणी घालून, आणि आम्ही पोरी म्हणायचो, आज काय स्पेशल आहे बाई. स्पेशल काही नसायचं. वेणी घातलेली असली की त्या दिवशी गाडी थांबलेली असायची.

सात चौतीसला आम्ही कॉलेजात पोचलो. मी सवयीने पुढच्या दाराकडे वळले तर तिने माझी ओढणी धरून मागे नेलं. वीट जागेवर होती. मी पहिल्यांदाच त्या दारातून वर्गात शिरले आणि शेवटच्या बाकावर बसले, आणि माझ्या जागेवर बसणाऱ्या मुलीने न सांगता माझ्यासाठीही कार्बन घातला होता. दोन कार्बन, तीन पानं. तिसरं पान फिकट आलेलं, पण वाचता येत होतं. पाच मिनिटं उरली तेव्हा सरांनी माझा नंबर पुकारला. "यस सर" म्हणताना माझा आवाज फुटला, का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

आता हस्तलिखिताकडे येते. आमच्या कॉलेजचा वार्षिक अंक छापला जायचा नाही. हाताने लिहायचा, एकच प्रत, कापडी बांधणी. मराठी वाङ्मय मंडळ डिसेंबरपर्यंत मजकूर गोळा करायचं आणि जानेवारीभर चांगल्या अक्षराची पाच-सहा मुलं लायब्ररीत बसून कॅम्लिनच्या शाईने तो उतरवून काढायची, चूक झाली तर व्हाइटनर नाही, एक सरळ रेघ मारून पुढे लिहायचं. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या वाढदिवशी प्रकाशन, आणि मग अंक लायब्ररीच्या काचेच्या कपाटात. घरी मिळायचा नाही. तिथेच बसून, हात धुवून वाचायचा, आणि वाटलं तर समासात पेन्सिलीने अभिप्राय लिहायचा, फक्त पेन्सिलीने, ही मुभा सगळ्यांना, विद्यार्थ्यांना आणि सरांना पण. १९९९ च्या अंकात मी होते लिहिणाऱ्यांमधे. तो २७ फेब्रुवारीला निघाला आणि १० मार्चला कुसुमाग्रज गेले. दुसऱ्या दिवशी लायब्ररीत गेले तर शेवटच्या पानावर कुणीतरी पेन्सिलीने नुसती तारीख लिहिली होती. बाकी काही नाही.

गेल्या पावसाळ्यात त्या कपाटाच्या भिंतीला ओल आली. जुन्या अंकांना कसर लागलीये, पानं फुटायच्या आत स्कॅन करायला हवीत, असा मेसेज आला आणि आम्ही ठाण्यातले आठ-दहा माजी विद्यार्थी रविवारी जायला लागलो. मी घोडबंदर रोडला राहते आता, गावात यायलाच तास लागतो, पण एकही रविवार चुकवला नाही. कॉलेज बदललंय, बदलणारच, पहिला तास साडेसातचा झालाय आणि हजेरी फोनवर लागते. माझ्या लेकीच्या कॉलेजात तर (ते वेगळं) दहा मिनिटांनी ॲपच बंद होतं, तिच्या वर्गात वांगणीची एक मुलगी आहे, तिला रोज पहिल्या तासाला ॲबसेंट लागते आणि डिफॉल्टर लिस्टमधे नाव आलं तेव्हा ती रडली, असं लेकीने एकदा जेवताना सांगितलं होतं. मला तो घास गिळवला नव्हता. वेळेची शिस्त मला कळते, पण पावणेचारला उठलेल्या पोरीला शिस्त कुणी शिकवायची?

ते डोक्यात होतं आणि तिसऱ्या रविवारी माझ्या हातात १९७९-८० चा अंक आला.

त्यात एका मुलीचा लेख आहे, दीड पानाचा, खडवलीच्या मुलीचा. तिने सकाळ सांगितलीये. वडिलांबरोबर दुधाच्या किटल्या डब्यात चढवायच्या, मग आपण चढायचं, पावसाळ्यात गाडीचा भरवसा नाही. पोचायची तेव्हा वर्गाचं दार आतून लावलेलं असायचं. ती परत जायची नाही. व्हरांड्यात उभं राहून, कठड्यावर वही ठेवून, दाराच्या फटीतून ऐकू येईल तेवढं लिहून घ्यायची. वर्षभर. तिच्याकडे सगळ्या तासांच्या नोट्स होत्या आणि मस्टरमधे हजेरी नव्हती, त्यामुळे टर्म ग्रँट झाली नाही आणि परीक्षेला बसता आलं नाही. वर्ष गेलं. पुढच्या वर्षी ती त्याच वर्गात परत आली आणि तेव्हा तिने हे लिहिलं. कुणावर ठपका नाही, कुठल्या सरांचा तास होता ते नाही. व्हरांड्यातून काय काय दिसायचं तेही लिहिलंय, उंबराच्या झाडाला कधी फळं धरली, कुठल्या कौलातून पाणी गळायचं. वाऱ्याने पानं उडायची म्हणून वहीवर ठेवायला मागच्या शेडमधून तिने एक अर्धी वीट आणून ठेवली होती.

मी ते वाक्य वाचलं आणि खुर्चीत मागे टेकून बसले.

मग समास बघितला. खाली कोपऱ्यात पेन्सिलीने दोन ओळी, फार पुसट. दार उघडं ठेवणे. हजेरी तासाच्या शेवटी पुन्हा घेणे. खाली सही नाही, तारीख नाही. पण 'ण'ची दांडी रेघेच्या खाली लांब ओढलेली, आणि असा 'ण' मी तीन वर्षं फळ्यावर बघितलेला आहे, मागणी, धोरण, प्रमाण, परिणाम, प्रत्येक शब्दात. सर जाऊन बरीच वर्षं झाली. ते दार लावून घेणारे तेच होते का, हे कोण सांगणार आता. मला वाटतं तेच असावेत. पंधरा-वीस वर्षं रोज कुणी उगाच वीट सरकवत नाही.

तिथूनच आटगावच्या मैत्रिणीला फोन लावला आणि लेख पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. ती मधे एकदाही बोलली नाही, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, "कुठली लिहिलीये?" म्हटलं खडवली. "म्हणजे आमच्या अलीकडचीच की." थोड्या वेळाने म्हणाली, "कठड्यावर लिहायचं म्हणजे हात किती दुखत असेल गं, तो कठडा उतरता होता."

ते मला आठवतच नव्हतं. मी खाली जाऊन हात लावून बघितला. उतरता आहे.

स्कॅनमधे लेख स्वच्छ आला पण पेन्सिल येईना. दोनदा केलं, कॉन्ट्रास्ट वाढवला, तर पान काळं पडायला लागलं आणि पेन्सिल तशीच गायब. आमच्यातला एकजण म्हणाला राहू दे, लेख आलाय ना. मी नाही म्हटलं. मग लायब्ररीतल्या ताईंनी खोलीतले दिवे घालवले आणि मोबाइलचा टॉर्च पानाच्या कडेला अगदी आडवा धरला, तशी कागदात रुतलेली अक्षरं एकेक करून वर आली, आधी 'दार', मग 'हजेरी', मग ते दोन 'ण'. मी श्वास धरून फोटो काढला. हललाय की काय वाटून पुन्हा एक काढला, आणि ताईंचा हात दुखायला लागला होता तरी म्हटलं, अजून एक.